वळणाभर कडेवर

सुधाकर, चौकातलं अण्णांच्या श्रद्धांजलीचं ते बॅनर आधी उतरव.

"शिस्तप्रिय" म्हणे. "पहाडासारखे खंबीर" म्हणे. छापणाऱ्यानं छापलं आन् तू लावून मोकळा झालास.

अण्णा खंबीर-बिंबीर काही नव्हते. त्यांना लेकराला जवळ घेता येत नव्हतं. बस.

आपले वडील गेले, आज आठवा दिवस. सगळे गोड गोड पोस्ट टाकून राहिले. मी चौथी शिकलेली बाई, मला तसं जमत न्हाई.

आपल्या गावात, साखऱ्यात, तवा रीत होती. घरात मोठं माणूस असलं की बापानं त्याच्यासमोर आपलं लेकरू उचलायचं न्हाई. नाव घेऊन हाकसुद्धा मारायची न्हाई. बेशरमपणा समजायचे.

अठ्ठेचाळीस साल. रझाकाराच्या भीतीनं घरदार निजामाची हद्द सोडून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघालं. अण्णा सहा-सात वर्षांचे. पुढं बैलगाडी, गाडीत आपले पणजोबा आन् दाण्याची पोती. मागं आजोबा आन् अण्णा पायी.

अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडला.

"दादा, घ्या ना मला."

आजोबांनी गाडीकडं पाह्यलं. त्यांचा बाप मागं तोंड करून बसलेला.

"काहून रडून राहिला? चाल."

अण्णा लंगडत चालले.

मंग एका वळणावर गाडी झाडाआड गेली. आजोबांनी पटकन वाकून त्यांना कडेवर घेतलं. छातीशी घट्ट धरलं.

वळण सरलं. गाडी दिसली.

खाली ठेवलं.

नंतर पुन्हा कधीच न्हाई.

अण्णा हे म्हातारपणी बी सांगायचे. तक्रार म्हणून न्हाई. जहागीर मिळाल्यासारखं, थाटात. "मला घेतलं होतं दादानं. वळणाभर घेतलं होतं!"

आपल्याला त्यांनी तेवढंबी घेतलं न्हाई.

आपल्या वेळी त्यांचे बाप-आजे कवाच गेले होते. अडवणारं कुणी नव्हतं. पण हातच उठायचे न्हाईत. माझ्या पाठवणीला मी गळ्यात पडले, तर अंगावर पाणी ओतल्यासारखे हात बाजूला धरून उभे राह्यले. मंग म्हणाले, "गाडी निघून राहिली. बस."

दवाखान्यात शेवटी दोन्ही हात वर करत होते. नर्स म्हणाली, "सलाईन निघंल, हात धरा त्यांचे." आपण दोघं खाटेच्या दोन बाजूंना. धरायचे कसे, कुणालाच समजंना. तिनंच पट्टीनं बांधले.

आन् काल?

काल तुझं पोरगं, इतक्या वर्षांनी, नवसानं झालेलं, रडत तुझ्याकडं आलं. हात वर करून. "पप्पा, घे."

पाहुणे बसलेले. तू मोबाईलमधनं मान वर केलीस.

"मम्मीकडं जा. मोठा झाला ना आता?"

चार वर्षांचं लेकरू, सुधाकर!

त्यानं हात खाली केले. रडणं गिळलं. जाऊन भिंतीला टेकून बसलं, बराबर अण्णा बसायचे तसं.

तू बदलशील असं मला वाटत न्हाई. ते पोरगं बी उद्या आपल्या लेकराला हेच म्हणंल.

अण्णा, तुमी निघा आता. सावकाश जा, पाय दुखत असंल.

सुधाकर, तू थांब.

आता तर घरात बाप न्हाई, आजा न्हाई. मंग कुणाला लाजून राहिला?

परवा दहावा हाय. कावळा शिवायच्या आधी मला उत्तर पाहिजे.