आत्याचा गुडघा आणि दापोडीचा खांब

या ब्लॉगवर आजवर गड झाले, लेणी झाली, कोकण दोनदा झालं. यावेळचा प्रवास स्कूटरवरचा, एका बाजूने जेमतेम चाळीस किलोमीटरचा, आणि त्यामागचा हेतू सरळसरळ लबाडीचा होता. माझी आत्या राजगुरुनगरला लेकीकडे गेली होती. तिला परत आणायच्या निमित्ताने मागे बसवायचं, वाटेत लाडीगोडी लावायची आणि पावसाळाभर पिंपळे सौदागरला माझ्या फ्लॅटवर ठेवून घ्यायचं, असा बेत. तिचं दापोडीचं घर पवनेच्या काठाला, तळमजल्यावर आहे. धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला की चौथ्या मजल्यावर बसून मी तिला फोन लावत सुटते. माझी दहावी त्याच घरात झाली आणि आत्या आता सत्तरीला टेकलीय.

पाऊस तोंडावर आला होता. शनिवारी पहाटेच निघाले. चाकणचा तळेगाव चौक सातच्या आत ओलांडायचा, हा माझा फुकटचा सल्ला. एकदा पहिल्या शिफ्टच्या बस आणि कंटेनर एकमेकांत अडकले की हॉर्नखेरीज काही हलत नाही. मी त्याच चौकातून रोज कंपनीत जाते, क्वालिटी विभागात, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा. राजगुरुनगरला स्टँडजवळ मिसळ खाल्ली. ऐंशी रुपयांत पाव दोन, रस्सा हवा तेवढा. मग आत्याला घेऊन भीमेच्या काठी जरा टेकले. आत्या पाण्याकडे बघायला लागली की नदी नाही, पोराबाळांचं काही दुखलंखुपलं बघतेय असं वाटतं.

परतीच्या वाटेवर मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडून चहाला थांबलो. तिथे मी विषय काढला.

"आत्या, दोन महिने माझ्याकडे चल. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे."

"पानी तर माझ्याकडं बी हाय, सुजाता," आत्या म्हणाली. "अन् थाळी कोण वाजवणार? तुझा मोबाइल?"

थाळीचं सांगायला हवं. मागच्या मोठ्या पुरात गल्लीतली निम्मी माणसं अंगावरच्या कपड्यानिशी निघाली. त्यानंतर गल्लीने आपला एक नियम केला. आत्याच्या दारासमोरच्या विजेच्या खांबावर लाल पट्टा मारला, घरांच्या उंबऱ्यांच्या उंचीला. मोरीतून थोडं पाणी घरात येतच असतं, त्याला कुणी घाबरत नाही. सामान माळ्यावर टाकायचं आणि थांबायचं. खांबावर पट्ट्याला पाणी लागलं की आत्या खिडकीत उभी राहून पितळी थाळी बडवते आणि तिचा आवाज आला की सगळ्यांनी वरच्या शाळेत जायचं. पट्टा किती उंच, तर आत्याच्या गुडघ्याइतका. टेप कुणाकडे नव्हता म्हणून तेव्हा तिलाच खांबाजवळ उभं केलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात ती एक रात्रही बाहेर राहिलेली नाही. माझी लबाडी मोशीतच संपली म्हणायची.

भोसरी, नाशिक फाटा करत अकराच्या सुमारास दापोडीत पोचलो. गल्ली ओळखूच आली नाही. हिवाळ्यात काँक्रीटचा रस्ता झालेला, गटारावर झाकणं, खांबही नवाकोरा. त्यावर लाल पट्टा अगदी ताजा होता. मी आत्याची पिशवी घेऊन दाराकडे वळले आणि धडपडले. या घरात मी लहानपणी दोन पायऱ्या चढून जायचे. आता एक पायरी उतरावी लागली.

चाकणला केसाइतका फरक आला तरी मी अख्खा लॉट परत पाठवते. इथे दारात उभी राहून मात्र मिनिटभर मला काही कळेना. मग मी विचारलं, "आत्या, नव्या खांबावर पट्टा कुणी मारला?"

"पेंटरनं. मीच उभी ऱ्हायले की. बरोब्बर गुडघ्याला मारून घेतला."

"रस्ता उंच झाल्यावर?"

आत्याने आधी खांबाकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे, मग आपल्या गुडघ्याकडे. तिचा गुडघा चुकला नव्हता. पायाखालची जमीन वर आली होती आणि तिच्याबरोबर पट्टाही. तिचा चेहरा बघून मला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण गप्प बसून कसं चाललं असतं?

त्या रात्री मी तिथेच राहिले. भाकरी, पिठलं आणि चाकणच्या बाजारातला कांदा. आत्या फारसं जेवली नाही.

रविवारी सकाळी आत्याने दत्ताभाऊंना बोलावलं. मूळचे लातूरचे, गवंडीकाम करतात, गल्लीतच राहतात. त्यांच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिची दोन्ही तोंडं कितीही लांब धरली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. एक टोक आत्याच्या उंबऱ्याला धरलं, दुसरं खांबाला.

"बगा ताई," दत्ताभाऊ म्हणाले, "उंबऱ्याचं पानी हितं रस्त्याच्या बी खाली चाललंय. अन् तुमचा पट्टा त्याच्या दोन फूट वर. पट्ट्याला पानी लागंस्तोवर घरात लेकरांच्या कंबरंइतकं."

एव्हाना गल्ली जमली होती. कुणी आत्याला बोल लावला नाही. एका म्हाताऱ्या काकांनी तर उलट कंत्राटदाराची आई-बहीण काढली. पण आत्या खाली बघून म्हणाली, "लेकरं निजली असती माझ्या भरवशावर."

खांब आता कामाचाच राहिला नव्हता. उंबऱ्याची उंची इथे रस्त्याखाली गेली होती; ती दिसायला जागा खालच्या उतारावर हवी. म्हणून नळी गल्लीच्या खालच्या टोकाला, बुद्धविहाराच्या भिंतीपर्यंत न्यायची ठरली. नळी पुरेना, तर दत्ताभाऊंनी वाटेतल्या घरांच्या भिंतींवर खडूच्या खुणा करत उंबऱ्याची उंची पुढे नेली. खांबावरचा पट्टा आत्याने स्वतः दगडाने खरवडला. भिंतीवर नवा मारला, तेव्हा पेंटर सवयीने म्हणाला, "आत्या, उभ्या राहा जरा." आत्या हसली, कालपासून पहिल्यांदा. "नको रं बाबा. ती नळी धर."

पण एक अडचण होती. विहाराची भिंत आत्याच्या खिडकीतून दिसत नाही. ती दिसते समोरच्या रमाताईंच्या पहिल्या मजल्यावरून. रमाताई एका लॅबमध्ये नोकरी करतात, घरी सासूबाई आणि दोन मुली. त्यांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. दुपारी घरी येऊन आत्याशेजारी बसल्या.

"आत्या, तुम्ही बिनघोर जा सुजाताकडे. थाळी तेवढी ठेवून जा."

आत्याने थाळी फळीवरून काढली, पदराने पुसली. एका जागी चेपली आहे, तिथून अंगठा फिरवला. "हितं वाजवायची न्हाई. कडंला वाजवायची. लांब जातो आवाज." आणि दिली. दापोडीचा पूल ओलांडून आम्ही पिंपळे गुरवमार्गे घरी आलो. मला हवं होतं तेच झालं होतं, तरी अख्ख्या रस्त्यात तिचा हात माझ्या खांद्यावर इतका हलका होता की दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं.

खर्च म्हणाल तर पेट्रोल, मिसळ, चहा आणि रंगाचा एक डबा. कुणाला अशी सहल करायची असेल तर आपल्याच जुन्या गल्लीत जा आणि उंबरे बघा, एवढंच सांगेन.

सोमवारी कंपनीतून परतले तर आत्या फ्लॅटमध्ये नव्हती. खाली बेसमेंटच्या उतारावर वॉचमनशी बोलत उभी. आमची सोसायटीही नदीपासून फार लांब नाही. वॉचमन, त्याची बायको आणि दोन लहान मुली बेसमेंटमध्ये पंपाशेजारच्या खोलीत राहतात, हे मला नऊ वर्षं माहीत आहे.

"सुजाता, हितला पट्टा कुठं हाय?" आत्याने विचारलं.

तिच्या हातात दत्ताभाऊंची नळी होती, पिशवीत घालून कधी आणली कोण जाणे. एक तोंड तिने माझ्यापुढे केलं.

"मग बघतीस काय? धर हे टोक."

मी पर्स खाली ठेवली आणि धरलं.