चाक वाजवणारा विरूपाक्षअण्णा

सेफ्टीच्या अनुजा मॅडमनी कान झाकणारं नवं हेल्मेट टेबलावर ठेवलं, म्हणाल्या, "हे घाला अण्णा, कान वाचतील." विरूपाक्षअण्णानं आठ पौंडी घण उचलला आणि घातला घाव. हेल्मेट फुटलं न्हाय, उडून मॅडमच्या पायाशी पडलं. अण्णा तिथं गेला आणि परत घातला. तिसऱ्या घावाला तडा गेला. चहाचे कप खाली, मॅडम भिंतीला चिकटलेल्या, आणि आम्ही चाळीस माणसं येड्यागत बघत उभी.

"कान झाकलं तर चाक कोण ऐकणार? तू?" अण्णा वरडला.

दोन दिवस घरी बसवलं त्याला. तिसऱ्या दिवशी कंपनीनंच बोलवून घेतलं, कारण त्याच्याबिगर कारखान्याच्या शॉपमधी कुणी नवं चाक मशीनवर चढवत नव्हतं.

आता हे चाकाचं सांगतो, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. मी विजयसिंह, सगळी विजा म्हणत्यात. शिरोली एमआयडीसीत फौंड्री, तिथं फेटलिंगला चौदा वर्षं झाली. फेटलिंग म्हंजे ओतलेला माल गार झाला की कडंला चिकटलेलं फालतू लोखंड छिन्नीनं तोडायचं आणि ग्राइंडरच्या चाकावर घासायचं. एका पत्र्याखाली चाळीस जण लोखंड तोडत्यात. तो आवाज कानात नुसता शिरत न्हाय, दातापर्यंत जातोय. घरी गेलं तरी रातभर डोक्यात कोण तरी पत्रा कापतंय असं वाटतंय.

ग्राइंडरचं चाक दगडागत असतंय आणि मिनिटाला हजारभर फेरं घेतंय. त्याला बारीक चीर असली तर डोळ्याला दिसत न्हाय, खरं फिरताना चाक फुटतंय, आणि फुटलं की बंदुकीची गोळी बरी म्हणायची पाळी येते. म्हणून चढवायच्या आधी चाक वाजवून बघायचं. बोटावर लटकवायचं, लाकडी मुठीनं हळूच टिचकी मारायची. माठ घेताना बाया वाजवून बघत्यात, तसं. अख्खं असलं तर टण्ण, चीर असली तर बद्द.

आमच्यात ते अण्णाचं काम. सव्वीस वर्षं. निपाणीकडचा लिंगायत गडी, घरी कन्नड, बाहेर आमच्यापेक्षा रांगडं मराठी. खंडेनवमीला मशीनला हार घालायच्या आधीसुद्धा चाक अण्णाच्या हातनं वाजवून घ्यायचो. डोळे मिटायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "टण्ण हाय, चढव." की चढवलंच. कानात बोळा घालून काम करणाऱ्या एकाच्या त्यानं एकदा अशी मुस्काटात दिली की बोळा आपोआप बाहेर पडला. "मशीन बोलतंय, ऐक की भाड्या!" मला काम शिकवलं ते असंच, मारून. खरं शिकवलं.

आणि सव्वीस वर्षं उघड्या कानानं ऐकून ऐकून त्याचा कान गेला.

हे मला कसं कळलं? त्याच्या घरी जेवायला गेलतो. टीव्ही एवढा मोठा की शेजारची कुत्री भुंकायला लागली. रत्नव्वा वैनी त्याला भाकरी वाढायच्या आधी ताटावर चमचा आपटायची, तेव्हा तो वर बघायचा. ती काही बोलली की हा खेकसायचा, "गट्टी माताडु!" म्हंजे कन्नडात, मोठ्यानं बोल. चार वेळा म्हणाला. मी भाकरी हातात धरून बसलो.

वैनी दारापतूर सोडायला आली. "तम्मा, कुणाला बोलू नको," धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाली. "कारखान्यात ह्येंचा मान त्या कानावर हाय. तो गेला तर हा माणूस जगायचा न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी व्हय म्हणालो.

पुढं कंपनीत कान तपासायची गाडी आली. कानाला हेडफोन, हातात बटन, आवाज आला की दाबायचं. अण्णाच्या मागं नंबर माझा. बघतोय तर अण्णाची नजर गाडीच्या काचेवर. काचेत नर्सबाईचा हात दिसत हुता. ती तिकडं कळ फिरवायची, हा हिकडं बटन दाबायचा. पास झाला की! उतरताना मला डोळा मारला. मी हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

आता जे सांगतोय ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासनं मी माझं चाक अण्णाकडनं वाजवून घ्यायचो आणि मग गुपचूप संडासामागं नेऊन परत एकदा मी स्वतः वाजवायचो. माझं तेवढं. बाकीच्यांची चाकं अण्णा टण्ण म्हणाला की चढायची. दोन वर्षं असं चाललं. आंधळं दळतंय हे मला म्हाईत हुतं, आणि मी माझ्यापुरतं पीठ बाजूला काढून बसलतो.

मार्च महिना, सकाळचे दहा. यशराज नवं चाक घेऊन अण्णाकडं आला. यशराज मुरगूडचा, तिशीचा, गडी कसा उमदा. वर्षाची पोरगी, श्रुती नाव, मोबाईलवर तिचाच फोटो. अण्णानं चाक लटकवलं, डोळे मिटले, टिचकी मारली.

मी पाच पावलांवर हुतो. माझ्या कानाला ते बद्द लागलं. खरं शॉपचा दणका चालू, मला पक्कं नव्हतं. पक्कं करायला पाचच पावलं चालायची हुती. मी छिन्नी उचलली आणि कामाला लागलो.

"टण्ण हाय, चढव," अण्णा म्हणाला.

तोवर मॅडमची ती हेल्मेटं सगळ्यांना मिळालती. पिवळं टोपडं, पुढं काच, दोन बाजूला दोन कप, आतनं मऊ. कप खाली ओढलं की कान बंद. आम्ही काय करायचो? कप वर ढकलून ठेवायचो, बैलाच्या शिंगागत. कान शिजत्यात, क्रेनचा भोंगा ऐकू येत न्हाय, सतरा कारणं. काचसुद्धा घामानं धुरकटली की वर. यशराजचं कप वर हुतं आणि काच बी वर. मोठं कास्टिंग, म्हंजे ओतलेला नग, बसावा म्हणून ग्राइंडरच्या गार्डचं, चाकावरच्या झाकणाचं, पुढचं पान आम्हीच कापून टाकलतं. त्या चाकासमोर त्याच्या तोंडाला काय सुद्धा आडवं नव्हतं.

धाडकन आवाज झाला. चाळीस जणांचा दणका एका क्षणात बंद पडला असा आवाज. चाकाचा एक तुकडा पत्रा फाडून वर गेला. दुसरा यशराजच्या कपाळावर बसला, हेल्मेट उभं चिरलं आणि तुकडा खाली डोळ्यात घुसला. तो पडला न्हाय लगेच. दोन पावलं चालला, हात पुढं करून, आणि मग माझ्या अंगावर कोसळला. रक्त माझ्या तोंडात गेलं. तो "आई, आई" करत हुता आणि मी त्याच्या डोळ्यावर हात दाबून धरलता, आणि हाताखाली डोळा नव्हता.

सगळी पळत आली. एक माणूस सोडून.

विरूपाक्षअण्णा आमच्याकडं पाठ करून पलीकडच्या मशीनवर घासत हुता. ठिणग्या उडत हुत्या. मागं माणूस बोंबलतोय, पत्रा लोंबतोय, आणि हा शांतपणे कास्टिंग फिरवून दुसरी कड लावतोय. हळूहळू सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. कुणी तरी जाऊन स्विच पाडला. अण्णा तणतणत वळला, "कुणी बंद केलं रं?" आणि मग त्यानं बघितलं.

तोंडात मारल्यागत झाला त्याचा चेहरा. चाकाचा एक तुकडा त्याच्या पायाशी पडलता. तो उचलून त्यानं टिचकी मारली, कानाशी नेला, परत मारली. मग खाली बसला आणि स्वतःच्या कानांवर बुक्क्या मारायला लागला. दोघांनी धरला तरी आवरंना.

यशराज वाचला. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट नसतं तर कवटी गेली असती. डावा डोळा मात्र गेला.

चौथ्या दिवशी गेटवर यशराजचे दोन भाऊ आणि गावची पाच-सहा पोरं आली. अण्णाला आत थांबा म्हणालो. थांबला न्हाय, स्वतः चालत गेला. पहिला पट्टा तोंडावर बसला, दोन दात पडलं. मग खाली पाडून लाथा, पोटात, पाठीत, कानावर. एकानं पान्हा आणलता, तो खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला चहाच्या गाड्यापतूर आला. व्हय, मी चहाच्या गाड्याजवळ हुतो, ग्लास हातात. अण्णा एकच म्हणत हुता, "मारा, चाक मी पास केलतं."

वॉचमननी सोडवलं तेव्हा थोरला भाऊ आमच्याकडं वळला. "ह्याचा कान गेलाय, कुणाला म्हाईत हुतं?"

"कुणालाच न्हाय," मी म्हणालो. सगळ्यात आधी मीच म्हणालो.

तेवढ्यात रत्नव्वा वैनी रिक्षातनं उतरली. तिनं ते ऐकलं. माझ्याकडं बघितलं. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

चौकशीत अण्णानं सगळं कबूल केलं. त्याला ग्राइंडरवरनं काढून स्टोअरला बसवलं. खांदा वाकडाच राहिला. आणि एक दिवस अनुजा मॅडम तेच यशराजचं चिरलेलं हेल्मेट घेऊन त्याच्यासमोर बसल्या. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, लोक कप खाली का घेत न्हाईत? ज्या बाईसमोर घण घातलता, तिनंच विचारलं. मी तिथं पान्हे घ्यायला गेलतो.

अण्णानं हेल्मेटच्या चिरेवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, डोळ्यातनं रक्त येतं म्हणून माणूस डोळ्याला भितो. कानातनं काय येत न्हाय. तो मुकाट जातोय. तुम्ही कितीबी बोर्ड लावा, कान कोण झाकणार न्हाय. म्हणून असं करा." खडू घेतला, फरशीवर काढायला लागला. काच आणि कप एकाच बिजागरीला जोडायचं. कप कानावर बसलं तरच काच खाली यायची. आणि काच खाली आली तरच मशीनपुढं उभं राहायला परवानगी. "आणि बाजूला बारीक भोकं पाडा घामाची वाफ जायला. भोकं काचेला हं, टोपीला न्हाय. टोपीला पाडली तर ती माझ्या एका घावाला फुटंल."

मॅडम हसल्या. मग रडल्या. आठ महिने लागले, पुण्याहून बनवून आलेले तीन नमुने आम्ही परत धाडले. एकात कान दुखायचा, एकाची काच खटकन पडायची. चौथा बसला. आतल्या माईकमधनं क्रेनचा भोंगा आणि माणसाचं बोलणं येतंय, दणका तेवढा आडतोय. आज शॉपमधी सगळी ते घालत्यात. कप कानावर आल्याबिगर काच येतच न्हाय, करताय काय?

यशराज परत आला. कंपनी म्हणाली तपासणीला बस. तो म्हणाला, "माझं मशीन तेच." एका डोळ्यानं घासायला लागला. अण्णाशी बोलायचा न्हाय, खरं बाजूनं जाताना थुंकायचाबी न्हाय.

मग तो दिवस आला. दुपारची जेवायची सुट्टी, कँटीन भरलेली. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, इतके दिवस ज्याचं तो वाजवतोय, आता सगळ्यांची चाकं कोण वाजवणार? हेल्मेट काढून, बंद खोलीत, रोज, जबाबदारीनं. अण्णा उठला. म्हणाला, "विजाला द्या. त्याचा कान चांगला हाय, आणि माणूस खरा हाय."

हातातला घास मी ताटात ठेवला. मी उठून त्याच्या शेजारी गेलो, वाकलो, हळू म्हणालो, "अण्णा, मला म्हाईत हुतं."

"काय?"

"तुमचा कान गेल्यालं. मला आधीपासनं म्हाईत हुतं."

त्यानं हात कानामागं लावला. "गट्टी माताडु, विजा! ऐकू येत न्हाय मला, मोठ्यानं बोल की!"

सगळी कँटीन वळून बघायला लागली. पळून जावं वाटलं. आणि मग मी वरडलो, जिवाच्या आकांतानं. "मला दोन वर्षं म्हाईत हुतं तुमचा कान गेलाय! माझं चाक मी परत वाजवून घ्यायचो! यशराजचं चाक बद्द वाजलं, मी ऐकलं! आणि मी गप्प बसलो!"

यशराज उठला. शांतपणे टेबलं ओलांडत आला, हातात हेल्मेट. पहिला फटका माझ्या डाव्या कानावर बसला. दुसरा त्याच जागी. मी हात वर केला न्हाय. तिसऱ्याला मी खाली पडलो आणि कानातनं गरम काही तरी मानेवर आलं. चौथ्यासाठी त्यानं हेल्मेट उचललं आणि मग ते बाजूला टाकून दिलं. अण्णानं त्याला अडवलं न्हाय. तो नुसता बघत हुता, आणि त्याच्या डोळ्यातनं पाणी मिशीत जात हुतं. मग म्हणाला, "चाकं तरी बी ह्योच वाजवंल. आता हा खोटं बोलायचा न्हाय."

माझा डावा कान तेव्हापासनं शिट्टी मारतोय. उजवा धड हाय, त्यावरच काम चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत गेलो तर दारात यशराज उभा, दोन नवी चाकं काखेत. एक त्याचं, एक माझं. त्यानं त्याचं पुढं केलं, आणि एका डोळ्यानं माझ्या हाताकडं बघत राहिला.

"आधी माझं वाजव," म्हणाला. "तुझं मागनं."

रोज येतोय तो. रोज तेवढंच बोलतोय.