वाइंडिंगवाल्याची गॅरंटी

आर्णीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो. बोलतो असा, की जग त्यानंच दुरुस्त करून ठेवलंय. मोटार असो, कोणाचं लग्न असो की आभाळ, वाक्याचा शेवट ठरलेला: "गॅरंटी!" मला त्याचा रागच यायचा.

कोरोनाची दुसरी लाट ओसरताना मी लोकांची चिंता मोजायच्या सर्वेक्षणावर होते. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं बसली होती. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ वाटलं, काळजी आवरेना झाली, असे माझे प्रश्न. मोटारीतून डोकं वर न काढता त्यानं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठोकलं, "कधीच नाही. लिहा."

"शून्य गुण," मी म्हटलं.

"म्हंजे नापास करून राह्यल्या काय मले?"

गिऱ्हाइकं हसली. इथं शून्यच सगळ्यात चांगलं, हे मी समजावलं. त्याला ते नीट कळलं. तरी म्हणाला, "शून्य नाही चालत आपल्याले. पुन्हा विचारा."

पण गिऱ्हाइकं जाईपर्यंत त्यानं मला बसवून ठेवलं. मग तांब्याची तार बोटाला गुंडाळत एकेक उत्तर दिलं.

"घरात काही वाईट होईल अशी भीती?"

"रोज."

बेरीज बरीच वर गेली. दवाखान्यात कोणाला भेटायचं, ते मी सांगितलं.

"हे उतरते नं, मॅडम?" त्यानं विचारलं. पुढं नेहमीचा शब्द आलाच नाही.

मग तो मीच म्हटला, अगदी त्याच्याच ठसक्यात.