पॅडमध्ये भरलेली थाप

आमच्या गाण्याच्या पार्टीत माझे वडील तीस-पस्तीस वर्षं ढोलकी वाजवत होते. पिंपरीच्या कंपनीत नोकरी होती तेव्हाही, रिटायर झाल्यावरही. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्याच पार्टीत मी पॅड वाजवतो, म्हणजे रबरी चौकोनांवर काठी मारली की आत भरलेला आवाज निघतो ते यंत्र. एरवी चाकणला शिफ्ट, सुट्टीला जयंती नाहीतर हळदीचे कार्यक्रम.

गेल्या वर्षी पार्टीच्या गायकानं मला कासारवाडी स्टेशनाबाहेर चहाला बोलावलं. म्हणाला, "राव, राग मानू नको. आबांची ढोलकी पायजे, पण आबा आता तीन तास बसत न्हाईत. दुसऱ्या तासाला लय उतरती. त्यांचा आवाज पॅडमध्ये भर की."

राग आलाच. पण तो खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्यावर चिडून करणार काय? "मग आबांना तूच सांग," म्हणालो. "वडील तुझे हायत, भावा," म्हणत त्यानं हात झटकले. मी चहा संपवला आणि हो म्हणून आलो.

घरी मात्र भलतंच सांगितलं. "आबा, आठवण म्हणून तुमची ढोलकी रेकॉर्ड करून ठेवू." आबा खूश! आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. हलकी थाप, जोराची थाप, डाव्या हाताचा घुमारा, सगळं सुटं सुटं वाजवत त्यांनी मला अख्खी सकाळ दिली.

आवाज भरणं सोपं, तो जिवंत ठेवणं अवघड. पहिल्यांदा काठी मारली तर रिकाम्या डब्यावर बुक्की मारल्यासारखं वाजलं. मग बटणं फिरवत बसलो. आवाज किती झटकन उठावा याचं एक बटण, किती सावकाश विरावा याचं दुसरं. आवाजाची धार गाळणाऱ्या फिल्टरचं काम त्याहून नाजूक. थाप पडते त्या क्षणी आवाज उघडा, कडक हवा. मग त्यातली चकाकी उतरत जाऊन नुसता घुमारा उरायला हवा. चकाकी लवकर गेली की आवाज मेला, उशिरा गेली की मोरीत भांडी पडली. आठवडाभर रोज सेकंड शिफ्टला निघेपर्यंत माझं हेच चाललं होतं.

एकदा मी स्पीकरवर ऐकत असताना आबा दारात येऊन उभे राहिले. मी काठी खाली ठेवली. ते म्हणाले, "थाप माझी हाय, पण हात माझा न्हाई."

शेजारी बसले आणि त्यांनी माझ्या मांडीवरच थाप मारून दाखवली. "मारल्यावर तळवा असा दाबत फुडं न्यायचा. घुमारा तिथं वळतो. तुझा जागेवरच मरतोय." मी फिल्टर सावकाश मिटू दिला, आवाजाची शेपटी लांबवली. "अजून. अजून वाईच. हां! व्हय, ह्यो मीच!" आबा लहान पोरासारखे हसले. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सेव्हचं बटण दाबलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या रविवारी सांगवीत हळदीचा कार्यक्रम होता. आबा नेहमीप्रमाणे खोळीतली ढोलकी घेऊन माझ्या गाडीवर मागे बसले. वाटेतही माझं तोंड उघडलं नाही. मांडवात गायकानं स्टेजच्या कडेला खुर्ची टाकली. "आबा, आज तुमी नुसतं ऐका. आराम करा." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पॅडची वायर तपासत राहिलो.

गाणं सुरू झालं आणि आबांची ढोलकी दोन्ही स्पीकरमधून कडाडली. घुमारा अगदी त्यांनी सांगितला तिथंच वळत होता. त्यांच्या मांडीवरच्या खोळीवर बोटं ठेका धरून चालली होती. कडवं संपता संपता ती थांबली. आबांना कळलं होतं.

गाणं संपल्यावर नवरीचा मामा त्यांच्या खुर्चीशी वाकला. "काय ढोलकी हाय राव! कोण वाजवतंय?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "आमचं पोरगं," म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसला असता. तो नव्हता. मामानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला, आणि मी मान लववली.