पाणी कोण भरून राहिलं?

"अन् पाणी कोण भरून राहिलं?" चष्मा कपाळावर चढवून आमचे इतिहासाचे सर विचारायचे. नंदनवन वस्तीतल्या आमच्या शाळेत एखादं पोरगं रोमची स्नानगृहं, मेजवान्या, संगमरवर घडाघडा म्हणायला लागलं की हा प्रश्न ठरलेला. मग सरच वैतागून सांगायचे, "गुलाम गा, गुलाम."

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवतो. भिंतीपलीकडून तो प्रश्न ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. लग्नाच्या पंगतीतही हे वाढप्याला थांबवून विचारणार, "तू जेवला का गा?" पुढची पानं भाजीसाठी खोळंबलेली. तुमच्या ओळखीत असा माणूस असेल तर त्याच्या शेजारी जेवायला बसू नका.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी स्नेहसंमेलनासाठी नाटक लिहिलं. रोमन श्रीमंताघरची मेजवानी, निम्मी मुलं मालक, निम्मी गुलाम. कोण काय होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हा त्यांचा हट्ट. गुलामी कोणाच्याही वाट्याला येते, मुलांना एवढी एक गोष्ट तरी कळावी, म्हणून सगळा खटाटोप.

चिठ्ठ्या निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक आई तणतणत आली. "माझ्या पोराले गुलाम काहून केलं?"

"मी नाही ताई, चिठ्ठीनं केलं. तिथं लढाई हरली का सरदाराचा पोट्टाही बाजारात विकला जाये."

तिला रोमशी काय घेणं? आठवडाभर आईबाप येत राहिले. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी तोडगा काढला. "हॉस्टेलचे पोट्टे गुलाम करा सर. बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांचे आहेत, त्यांच्या घरचं कोणी भांडाले येत नाही."

"मॅडम, हाच तर धडा आहे," सर म्हणाले आणि उठून गेले. मी दारातच होतो. मला इतका संताप आला, पण कोणाला धरून बोलायचं तेच कळेना.

संमेलनाच्या दिवशी पडदा उघडला. चिठ्ठीत गुलाम निघालेली मुलं आईबापांनी आणलीच नव्हती आणि हॉस्टेलची मुलं सरांनी मालकांशेजारी तक्क्यांना टेकवून बसवली होती. गुलाम एकटे सर. आखूड पांढरा अंगरखा, उघडे पाय, हातात तांब्या. इकडे हात धुवायला पाणी, तिकडे वारा, पुन्हा पाणी. घामाघूम झालेले, एकदा पाय घसरून पडलेही. सभागृह हसून लोटपोट.

शेवटी प्रमुख पाहुण्यांनी खूश होऊन आयत्या वेळी एक ट्रॉफी जाहीर केली, उत्कृष्ट विनोदी भूमिकेसाठी. सरांनी ती घेतली. तांब्या अजून दुसऱ्या हातातच होता.

निवृत्त होऊन ते यवतमाळला लेकीकडे गेले. ट्रॉफी स्टाफरूममध्ये माठाशेजारी ठेवून गेले. परवा पाणी पिताना मी सहज विचारलं, "हा माठ रोज कोण भरतं?"

सगळे हसले. "घ्या, आता हेही इतिहासाचे सर झाले," कोणी तरी म्हणालं. आणि जो तो माठातून आपापला पेला भरून तासाला गेला.