बिनमिठाचा भात

दिवाळीपूर्वीच्या सेलची आखणी आमच्या घरी मी करतो, आणि ती बैठक बोलावून करतो. दुर्गच्या कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. शाळा नववीत सुटली; परंतु अर्जात आधी वस्तुस्थिती मांडावी आणि मगच मागणी करावी, हे मला कोणा पदवीधराने शिकवलेले नाही. सेललाही मी हाच नियम लावला. घरातला प्रत्येक डबा उघडून डोळ्यांनी पाहायचा. "असेल घरात" या बोलण्यावर माझा विश्वास नाही. असेल म्हणून सांगितलेली वस्तू नेमकी नसते, आणि नसेल म्हणून आणलेली वस्तू फळीवर मागे सापडते.

त्या वर्षीची बैठक भिलाईतल्या रिसालीच्या आमच्या स्वयंपाकघरात भरली, भर दुपारी, मुलाच्या सेकंड शिफ्टच्या आधी. सिव्हिक सेंटरच्या मोठ्या दुकानात शनिवारपासून सेल लागणार होता. मंडळी चारच: मी, माझी पत्नी, पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला असलेला मुलगा, आणि गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आलेली सून. सून राजनांदगावकडची, हिंदी बोलणाऱ्या घरातली. पाचवा आमचा कुत्रा. तो दाराशी पडून धापा टाकत होता. त्याचा विषय कोणी काढत नव्हते, तरी सगळ्यांचे कान तिकडेच होते.

कुत्रा म्हातारा झाला होता. मी कचेरीसमोर आणि मुलगा ड्युटीवर असताना इतकी वर्षे पत्नीला दिवसभराची सोबत त्याचीच. उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितले की त्याचे हृदय वाढले आहे. मीठ पोटात गेले तर अंगात पाणी साचेल आणि श्वास कोंडेल. अशा कुत्र्यांसाठी वेगळा कोरडा आहार मिळतो, पण थैली महाग. म्हणून नवी थैली सेलमध्ये घ्यायची आणि मधले दिवस घरचा बिनमिठाचा भात द्यायचा, असे मी ठरवले होते, आणि डॉक्टरांनीही त्याला होकार दिला होता. आखणीत उणीव नव्हती. तरी तो खालावत होता. त्याच सुमारास पत्नी त्याचा भात आणि गोळ्या सुनेवर सोपवून महिनाभर बहिणीकडे नागपूरला गेली. परतली तेव्हा त्याचे पोट फुगलेले होते, आणि रोजचा खोकला सुरू झाला होता.

"त्याची थैली मोठी आनायची का लहान?" मुलाने विचारले.

"मोठी. लहान कावून? मरून राहिला का तो?" पत्नी एकदम म्हणाली.

मुलाने यादीत मोठी लिहिली. मी बैठक पुढे रेटली. तांदूळ पाहिला, तूरडाळ पाहिली, तेल, साबण, भांड्यांची पावडर. मग मिठाचा डबा उघडला. तळाशी चिमूटभर मीठ होते.

"हे कसं काय?" पत्नीने डबा माझ्या हातून घेतला. "नागपूरले जायच्या आधी पूर्ण भरला होता मी. लोनचं घातलं का कोनी?"

"घरात समुद्र बनवून राहिली का ही?" मुलाने बायकोकडे पाहून थट्टा केली.

सूनही हसली. "समुद्र नहीं जी. इसके चावल में भी तो लगता है ना."

"कोनाच्या?"

सुनेने दाराकडे बोट दाखवले.

पत्नीने डबा ओट्यावर ठेवला.

"मी तुले सांगून गेली होती," पत्नीचा आवाज बारीक झाला, "त्याले मीठ देजो नोको म्हनून."

"हाँ, तो मीठा मैंने दिया ही कहाँ, मम्मीजी? बिस्किट बंद, गुड़ बंद. आपने जो पेड़ा छुपाके रखा था, वो भी नहीं दिया."

सगळा प्रकार माझ्या तत्काळ ध्यानी आला. शब्द हा माझा रोजचा व्यवसाय आहे. सुनेशी आम्ही सगळे हिंदीत बोलतो. जेवताना ती नमक मागते, आम्ही नमक पुढे करतो. ऐकून ऐकून मराठी तिला समजू लागली होती, पण आमचे मीठ तिच्या कानावर कधी पडलेच नव्हते. पत्नीने सूचना दिली ती ऑटोत बसताना, गाडी चुकू नये या घाईत, आणि घाईत माणूस आपल्याच भाषेत बोलतो. नव्या सुनेने फिरून विचारले नाही. जे ऐकू आले ते पाळले, आणि काटेकोर पाळले.

"बेटी," मी म्हणालो, "मराठी में मीठ मतलब नमक."

ती दाराकडे वळली. मग हळूच म्हणाली, "वो खा नहीं रहा था. मुझे लगा फीका लग रहा है. तो मैंने थोड़ा और डाल दिया."

"शिकलेली सून आनली म्हने!" पत्नी ओरडली. "बारा बुकं वाचली हायेत, अन् विचारता आलं नाही एकदा? तोंड होतं ना?"

"आई, तू बी हिंदीत सांगू शकली असती," मुलगा म्हणाला.

"तू ड्युटीवर जाय!"

मी हात वर करून सगळ्यांना थांबवले. दोष कोणाचा, हे नंतरही ठरवता येईल. कुत्र्याचा श्वास तोवर वाट पाहणार नव्हता. मुलाला मी ड्युटीवर पाठवले आणि ऑटो बोलावला. पत्नीने कुत्र्याला जुन्या चादरीत उचलून घेतले. सून न बोलावता येऊन बसली.

"तू कायले?"

"गोली का टाइम मुझे मालूम है," ती म्हणाली, आणि चादरीचे एक टोक तिने आपल्या हाती घेतले. पत्नीने ते सोडवून घेतले नाही.

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकले. मग विचारले, "क्या खिलाया है इसको?"

प्रश्न साधा होता. पत्नी भिंतीकडे पाहू लागली. मी घसा साफ केला. अशा प्रसंगी कोणाचे नाव न येता वस्तुस्थिती कशी मांडावी, हे मला येते. "महोदय, आहार में त्रुटिवश..." एवढे मी बोललो असेन, तोच सून म्हणाली, "नमक. मैंने दिया. रोज़."

डॉक्टरांनी मान डोलावली. सुई टोचली. म्हणाले, अंगातले पाणी लघवीवाटे निघायला हवे. संध्याकाळपर्यंत दोन-तीनदा भरपूर झाली तर धोका टळला. न झाली तर पुन्हा घेऊन या, पण मग मी काही सांगू शकत नाही. आणि त्याचा तो कोरडा आहार आजपासूनच.

बायकांना कुत्र्यासह घरी सोडून मी त्याच ऑटोने सिव्हिक सेंटर गाठले. दुकानात सेलचे कागदी तोरण लागत होते. पाहिजे ती थैली मागच्या फळीवर दिसली. पण तिच्यावर सेलची चिकटपट्टी होती.

"ये माल शनिवार से है, अंकल," विक्रेत्या मुलीने सांगितले. "दो दिन रुक जाइए, आप ही का फायदा है."

"मला फायदा नको," मी म्हणालो, आणि स्वतःचाच आवाज मला परका वाटला. मग हिंदीत म्हणालो, पुराने दाम पर दे दो. तिने मॅनेजरला बोलावले. मॅनेजर म्हणाला, मशीन ते बिल घेणारच नाही. मी म्हणालो, ठीक आहे. एक कोरा कागद द्या. कोणत्या नियमाखाली आजारी प्राण्याचा आहार रोखून धरला, एवढेच लेखी विचारतो. पोचपावती मात्र लागेल. खिशातून पेन काढून मी टोपण उघडले.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिले, मग पेनाकडे. "अंकल, लिखिए मत," तो हात जोडून म्हणाला. "ले जाइए." चिकटपट्टी त्याने स्वतः नखाने खरवडून काढली, आणि मशीननेही मुकाट्याने बिल घेतले.

घरी आलो तेव्हा कुत्रा अंगणात पडून होता. पत्नी पायरीवर बसली होती, सून नळाजवळ. दोघींची नजर एकाच ठिकाणी खिळली होती. मी भुवया उंचावून विचारले. पत्नीने नकारार्थी मान हलवली. थैली मांडीवर घेऊन मीही बसलो. ऊन भिंतीवरून उतरू लागले. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या, आणि मध्येच थांबल्या की आम्ही तिघेही ताठ होत होतो.

बऱ्याच वेळाने त्याने पुढचे पाय रोवले. घसरला. सून धावायला निघाली तर पत्नीने तिचा हात धरला. "थांब. त्याचा तो उठू दे." तो उठला, झोकांड्या खात माझ्या स्कूटरपर्यंत गेला आणि चाकाला टेकून उभा राहिला.

"मुतला!" पत्नी म्हणाली. "अवो पाह्य, मुतला!"

मुतला, आणि मुततच राहिला. धार अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली, तशी सून, जी दिवसभरात एकदाही रडली नव्हती, नळाला धरून हुंदके देऊ लागली.

"रडू नोको वो," पत्नी तिला म्हणाली. नजर तिने कुत्र्यावरून हलवली नाही. "अजून एकदा मुतू दे त्याले. मंग दोघी मिळून रडू."