जाळीतून आलेलं अंडं

आधी समोरच्या भाभींचं सांगते. त्या नसत्या तर काकांचं पाखरू जगलं नसतं, आणि माझं विश्रांतवाडीतलं बस्तान तेव्हाच उठलं असतं. बाकीचं त्याच्यामागून.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. ओळखीच्या एका बाईंनी पुण्यात काम लावून दिलं. काकांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची आणि तिथंच राहायचं. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं आणि नेम धरून. पहिल्याच दिवशी मी ‘हाव’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘हो म्हणतात. हाव असली की माणूस वाया जातो.’ काकू बाहेर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावत. माझ्या आधीची मुलगी न सांगता निघून गेली होती, म्हणून. त्यांचंही चुकत नसेल. पण काकांना काही झालं तर मी काय करणार, या विचाराने कुलूप वाजलं की मी काकांच्या उशाशी जाऊन बसायचे.

गॅलरीत पाखराचा पिंजरा होता. करडं अंग, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी ठिपका. ती मादी होती. काका धडधाकट असताना तिच्याशी शीळ घालत, असं काकू सांगायच्या. आता तोंड वाकडं झालेलं, शीळ येत नव्हती. पण ती ओरडली की काकांच्या डाव्या हाताचं बोट चादरीवर हलायचं. दिवसभरात तेवढंच.

उन्हाळ्यात तिची पिसं झडायला लागली. ती दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागली, ओरडायचं बंद झालं. काकू तिला रिक्षाने डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, नुसत्या दाण्यांवर भागत नाही, उकडलेलं अंडं कुस्करून द्या. काकूंनी त्यांना सांगितलं, आमच्याकडे माणसांना चालत नाही तर पाखराला कुठून चालणार. घरी आल्यावर मला मूग भिजवायला लावले. मूग तसेच पडून राहिले.

‘हिचं काही बरंवाईट झालं तर हे हाय खातील,’ काकू म्हणाल्या. ‘आणि हेच नसतील तर तुझं इथं काय काम?’

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे गेल्या. मी जाळीपाशी उभी होते. समोरच्या भाभी चपला घालता घालता थांबल्या आणि पाखराचा आवाज का येत नाही म्हणून विचारलं. त्यांच्या माहेरी, कॅम्पात, वडिलांनी पक्षी पाळले होते. मी सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि अंडं उकडून घेऊन आल्या. पण वाटी काही जाळीच्या गजांतून जाईना. शेवटी कुस्करलेलं अंडं चमच्यावर घेऊन त्यांनी चमचा आडवा आत सारला.

मी विचारलं, पाखराने अंडं खाणं म्हणजे स्वतःचं पोर खाल्ल्यासारखं नाही का?

‘अगं बेटा, कोंबडीचं आहे. हिचा काय संबंध?’

तासाभरात उरलेलं काढून टाक, उन्हाने सडतं, हेही त्यांनी बजावलं. पाखराने आधी मान फिरवली, मग एक कण उचलला. बाकी तसंच राहिलं. भाभी तर बाहेर निघून गेलेल्या, आता ते टाकू कुठे? कचऱ्याचा डबा काकू स्वतः बघायच्या. दार बंद. खाली फेकावं तर खाली वॉचमन. मग ते मीच खाल्लं.

गावी आमच्या घरी कोंबड्या होत्या. पुण्याला आल्यापासून अंड्याची चव नव्हती. काकांकडे पाठ करून, बोटं चाटून खाल्लं.

काकू घराबाहेर पडल्या की चमचा यायचा. पाखरू चोच घालायला लागलं, पण त्याचं पोट ते केवढं. भाभींना काय कळलं कोण जाणे. पण एका चमच्याचे दोन झाले, मग दुसऱ्यावर मीठ-मिरपूड यायला लागली. पाखराला मीठ घालत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

एकदा काकू लवकर परतल्या. पाखरू दांडीवर चढलं होतं, चोचीला पिवळं लागलेलं.

‘हिला हळद कुणी लावली? लग्न ठरलंय का?’

मी हात मागे घेतले. काकूंनी माझा हात उचलून धरला.

‘तिच्या चोचीला लागलं ते समजलं. तुझ्या नखांना कसं?’

मला रडू फुटलं. आता बॅग भरायची, पण जायचं कुठे, एवढंच डोक्यात. तेवढ्यात गॅलरीतून ती ओरडली. कितीतरी दिवसांनी. काकूंनी माझा हात सोडला आणि आधी काकांच्या चादरीकडे बघितलं. बोट हललं होतं.

त्यांनी ती चादर सारखी केली. मग म्हणाल्या, ‘अंडं माझ्या घरात येणार नाही. पिंजरा बाहेर नेत जा. तिचं खाणं बाहेर, तुझंही बाहेर. हात धुऊन आत यायचं.’

पिंजरा बाहेर न्यायचा तर दार उघडायला हवं. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी मी आणि भाभी जिन्याच्या पायरीवर बसायचो, मध्ये पिंजरा. जिना थेट खाली फाटकापर्यंत जात होता. पहिल्या दिवशी मी चार पायऱ्या उतरले आणि परत वर आले. खाली माझं कोण होतं? खाणं झालं की हात धुवायचे, किल्ली खिळ्याला. काकू बाहेर निघाल्या की ती त्यांच्या पर्समध्ये. कुलूप होतं तसंच राहिलं.

भाभी आता मुलाकडे वाघोलीला राहतात. काकूंच्या समोरच्या दाराला कुणाचं तरी नवं कुलूप आहे. पाखरू आहे, काका आहेत, मीही आहे.

भाभी, कधीतरी माझी स्वतःची एक खोली होईल, भाड्याची का असेना. तिची कडी आतून असेल. तुम्ही यायचं, दार उघडंच असेल. गावाकडच्या नव्या तांदळाचा भात करीन आणि तुमच्या हातात भरलेलं ताट देईन, चमच्या-चमच्याने नाही.